धर्मानंद कोसंबी : जीवनाचा हेतू स्वतः घडविणारा अभ्यासक

आपल्या आष्टी परिसरात दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. संसाराची भांडीकुंडी ट्रॅक्टरवर चढतात आणि आईबापांबरोबर कित्येक लेकरेही कारखान्याच्या वाटेला लागतात. काही लेकरे मात्र निवासी विद्यालयात मागे राहतात. ती पुस्तक उघडतात, प्रश्न विचारू लागतात. इतिहास शिकविताना एक प्रश्न मला निरनिराळ्या शब्दांत अनेकदा ऐकावा लागला आहे. माणूस कशासाठी जगणार हे त्याच्या जन्माबरोबरच ठरलेले असते, की तो ते स्वतः ठरवू शकतो? बापाच्या हाती कोयता असेल तर मुलाच्याही हाती कोयताच येणार, असे काही आहे काय?

हा प्रश्न लहान नाही. आपल्या समाजाला तर शतकानुशतके त्याचे एकच उत्तर देण्यात आले होते. जात जन्माने मिळते, जातीबरोबर काम मिळते आणि ते काम निमूटपणे करीत राहणे हाच जीवनाचा हेतू, हे ते उत्तर. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले आणि आपल्याला तथागतांच्या मार्गावर आणले. बाबासाहेबांचे चरित्र आपल्या घराघरांत वाचले जाते. म्हणून या स्मरणिकेसाठी मी दुसऱ्या एका माणसाचे चरित्र निवडले आहे. मराठीतून बुद्धाचा शोध घेत ज्याने आपल्या जगण्याचा हेतू स्वतः घडविला, असा हा माणूस म्हणजे पाली भाषेचे थोर पंडित धर्मानंद दामोदर कोसंबी. त्यांचे मोठेपण आपण पाहूच. पण त्यांच्या मर्यादांकडेही डोळेझाक करायची नाही. डोळसपणे वाचलेले चरित्रच विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडते.

नारळाच्या बागेतील तरुण

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. गावात मराठी शिक्षणाची सोय जेमतेमच होती. मुलाची प्रकृती नाजूक आणि घरची परिस्थितीही बेताची, त्यामुळे शाळेतील शिक्षण फार पुढे गेले नाही. मोठेपणी जगातील नामवंत विद्यापीठांत वावरलेल्या या माणसाजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. लहान वयातच बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. घरच्या नारळाच्या बागेची देखभाल करावी, कुळाचार सांभाळावा, मुलेबाळे वाढवावीत, असा त्यांच्या आयुष्याचा आराखडा घरच्यांनी आणि गावाने आखून ठेवला होता.

वरवर पाहता हे जीवन वाईट नव्हते. अस्पृश्यतेचा चटका त्यात नव्हता, उपासमारही नव्हती. तरीही तो तरुण आतून अस्वस्थ होता. आपण का जगतो आहोत, या प्रश्नाचे उत्तर त्याला बागेत सापडत नव्हते आणि घरच्या देव्हाऱ्यातही नाही. हाती पडेल ते मराठी पुस्तक तो वाचीत असे. अशा वाचनातच ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील गौतम बुद्धांविषयीचा एक लेख त्याच्यासमोर आला. पाठोपाठ मराठीतील बुद्धचरित्रही त्याने मिळवून वाचले. तेव्हा त्याची विशी नुकतीच उलटली होती. राजवैभव सोडून माणसाच्या दुःखाचे कारण शोधायला निघालेल्या त्या महापुरुषाने त्याच्या मनाची पकड घेतली. बुद्धाचा धम्म मुळातून समजून घ्यायचा आणि तो आपल्या लोकांना त्यांच्या भाषेत सांगायचा, हा संकल्प त्याने केला.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. या तरुणाला बुद्ध कोणी नेमून दिला नव्हता. वडिलांची ती इच्छा नव्हती, कुलदैवताचा तो कौल नव्हता आणि कोणा गुरूची आज्ञाही नव्हती. एका लेखातून ठिणगी पडली, एवढेच. तो लेख आणखी शेकडो मुलांनी वाचला असेल. वाचून मासिक मिटून ठेवायचे की त्याच्या मागे निघायचे, ही निवड मात्र त्याची स्वतःची होती.

काशीतील अन्न आणि कोलंबोतील विद्या

१८९८ मध्ये वडिलांचे निधन झाले. पुढच्या वर्षाच्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. मागे पत्नी होती आणि लहानगी मुलगी माणिक होती. गाठीला पैसे फार थोडे होते. प्रथम ते पुण्यास आले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि प्रार्थना समाजाची मंडळी यांच्याशी त्यांचा परिचय झाला. बौद्ध ग्रंथ वाचायचे तर आधी संस्कृत पक्के हवे, हे त्यांना कळून चुकले. त्या ओढीने ग्वाल्हेरमार्गे ते काशीला पोहोचले आणि गंगाधरशास्त्री तेलंगांसारख्या पंडितांकडे त्यांनी अध्ययन केले. काशीत राहायला धड जागा नव्हती आणि थंडीला पुरेसे पांघरूणही नव्हते. जेवण मिळे ते अन्नछत्रात.

हे अन्नछत्र ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होते. धर्मानंदांचे कष्ट खरे होते, त्यात शंका नाही. पण त्याच वर्षी आपल्यापैकी कोणाचा पणजोबा तीच ज्ञानाची भूक घेऊन काशीला गेला असता, तर त्याला त्या पंगतीत बसू दिले असते काय? शास्त्रीबुवांनी त्याला समोर बसवून व्याकरण शिकविले असते काय? उत्तर आपण सारे जाणतो. जीवनाचा हेतू माणूस स्वतः घडवू शकतो, हे सत्य आहे. परंतु त्यासाठी दोन वेळचे अन्न, निजायला जागा आणि शिकविणारा कोणीतरी लागतो, हेही तितकेच सत्य आहे. एका वर्गाला हे सारे परंपरेने आपोआप मिळत होते, दुसऱ्याला तेच परंपरेने नाकारले होते. आपल्या वसतिगृहांकडे आणि निवासी विद्यालयांकडे पाहताना ही गोष्ट विसरता कामा नये. आपल्या लेकरांचे अन्नछत्र समाजाला स्वतःच्या बळावर उभे करावे लागले आहे.

काशीत सुमारे दोन वर्षे काढल्यावर बुद्धाच्या जन्मभूमीजवळ तरी खरा धम्म सापडेल, या आशेने १९०२ मध्ये धर्मानंद नेपाळला गेले. काठमांडूपर्यंतचा तो प्रवास त्या काळी अत्यंत खडतर होता. पण तेथे बौद्ध धर्माची जी अवस्था त्यांनी पाहिली, तिने त्यांची घोर निराशा झाली. एवढा त्याग करून, एवढी पायपीट करून हाती काही लागले नाही, अशा वेळी सामान्य माणूस घरी परततो. धर्मानंद बुद्धगयेला आले. बुद्धवचनांचा अभ्यास करायचा तर सिंहलद्वीपाला जावे लागेल, अशी माहिती त्यांना तेथे मिळाली. कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या साहाय्याने ते कोलंबोला पोहोचले. तेथील विद्योदय विद्यालयात सुमंगल महाथेरांच्या हाताखाली त्यांनी पालीचे अध्ययन केले आणि श्रामणेराची दीक्षा घेतली. पुढे मद्रासमार्गे ते ब्रह्मदेशात गेले, भिक्षू झाले आणि ध्यानभावनेचाही त्यांनी अभ्यास केला. सारनाथ, कुशीनारा आदी बौद्धस्थळांची यात्रा त्यांनी बव्हंशी पायी केली.

चीवर उतरविण्याचा निर्णय

१९०६ मध्ये धर्मानंदांनी आणखी एक महत्त्वाचा निर्णय घेतला. भिक्षूचे चीवर उतरवून ते पुन्हा गृहस्थ झाले. पुष्कळांना ही माघार वाटेल. पण त्यांच्या मूळ संकल्पाकडे पाहिले म्हणजे त्यातील संगती लक्षात येते. स्वतःपुरती शांती मिळविणे हा त्यांचा हेतू नव्हता. धम्म शिकायचा आणि आपल्या लोकांना सांगायचा, हा होता. भारतात राहून अध्यापन करायचे, ग्रंथ लिहायचे, त्यासाठी हिंडायचे, तर भिक्षुसंघाचे नियम पाळून ते अवघड होते. त्यांनी वेश सोडला, संकल्प सोडला नाही. साधन आणि साध्य यांतील हा फरक ज्याला कळतो, त्याला वाट बदलावी लागली तरी तो वाट चुकत नाही.

कलकत्त्यात राष्ट्रीय महाविद्यालयात आणि नंतर विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. मान होता, पगारही चांगला होता. तरीही आपण ठरविलेले काम महाराष्ट्रात व्हावयास हवे, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. अशा वेळी बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड त्यांच्या मदतीस आले. महाराष्ट्रात कोठेही राहून काम करावे आणि बडोदे सरकारसाठी ग्रंथ लिहावेत, त्याबद्दल दरमहा पन्नास रुपये मिळतील, असे ठरले. कलकत्त्याचे वेतन याहून कितीतरी अधिक होते. धर्मानंदांनी पन्नास रुपये पसंत केले.

सयाजीरावांचे नाव येताच आपल्याला दुसऱ्या एका विद्यार्थ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९०७ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर हा मुलगा मॅट्रिक उत्तीर्ण झाला, तेव्हा त्याच्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. पुढे केळुसकरांनीच सयाजीरावांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. त्या शिष्यवृत्तीवर भीमराव पदवीधर झाला आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी अमेरिकेला गेला. सांखवाळच्या ब्राह्मणाच्या मुलाला आणि महू येथे जन्मलेल्या महाराच्या मुलाला ऐन तारुण्यात बुद्ध भेटला तो मराठी पानांतून. आणि दोघांच्याही विद्येला हात दिला तो एकाच राजाने. एक पुस्तक, एक गुरुजी, वेळेवर मिळालेली एक शिष्यवृत्ती, यांची किंमत इतिहासात केवढी असते हे यावरून कळते. पण या दोघांच्या वाटेवरचे काटे सारखे नव्हते, हेही तेवढेच खरे. बडोद्यात नोकरीला गेल्यावर बाबासाहेबांना राहायला जागा मिळू दिली गेली नाही. अशी वेळ धर्मानंदांवर कधी आली नाही.

हार्वर्ड ते परळ

१९१० मध्ये धर्मानंद अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने सुरू केले होते. त्याच्या निधनाने ते अपुरे राहिले होते. ते पूर्ण करण्यासाठी धर्मानंदांना निमंत्रण होते. तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयाच्या प्रश्नावरून त्यांचे मतभेद झाले. केलेल्या कामाचे श्रेय सोडून देणे त्यांना मान्य नव्हते, म्हणून १९१२ मध्ये ते मायदेशी परतले. पुढे याच कामासाठी ते आणखी तीनदा अमेरिकेला गेले. तो ग्रंथ हार्वर्डच्या मालेत प्रसिद्ध झाला १९५० मध्ये, धर्मानंदांच्या मृत्यूनंतर. ज्या कामाशी दीर्घकाळ नाते जोडले होते, त्याचे हार्वर्डमधील छापील फळ त्यांना पाहता आले नाही.

अमेरिकेतील वास्तव्यात त्यांनी आणखी एक गोष्ट मिळविली. तेथे त्यांनी समाजवादाचा अभ्यास केला. कामगार, भांडवल आणि पिळवणूक या विषयांवरील पुस्तके वाचली. बुद्धाने सांगितलेले दुःख हे केवळ मनातले दुःख नाही, त्याची मुळे समाजाच्या रचनेतही आहेत, ही जाणीव त्यांच्या पुढील लेखनात वाढत गेली. १९२९ मध्ये ते सोव्हिएत रशियात लेनिनग्राड येथेही जाऊन आले. घर सोडताना केलेला संकल्प शेवटपर्यंत जसाच्या तसा राहिला असे नाही. तो रुंदावत गेला. हेतू एकदा ठरविला की संपले, असे नसते. अनुभवाबरोबर तो पुन्हा पुन्हा तपासावा लागतो.

१९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते पालीचे प्राध्यापक होते. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळावे यासाठी त्यांनी भांडारकरांच्या साहाय्याने प्रयत्न केले. डॉ. पु. वि. बापट यांच्यासारखे पालीचे पुढील पिढीतील विद्वान त्यांच्या हाताखाली तयार झाले. गुजरात विद्यापीठातही त्यांनी काम केले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते सामील झाले आणि त्यांनी कारावास भोगला.

१९३७ मध्ये मुंबईच्या परळ या कामगार वस्तीत जुगलकिशोर बिर्ला यांच्या देणगीतून ‘बहुजन विहार’ उभा राहिला. त्यामागची प्रेरणा धर्मानंदांची होती. विहारासाठी त्यांनी विद्वानांच्या वस्तीतील जागा निवडली नाही, गिरणगावातील निवडली. आणि नावही बहुजनांचे दिले. मात्र धनिकाच्या देणगीवर उभ्या राहिलेल्या कार्याला ज्या मर्यादा पडतात, त्या येथेही पडल्या. धर्मानंद पुढे तेथून बाहेर पडले.

बुद्ध माणसांत आणणारा ग्रंथ

त्यांच्या आयुष्याचे सार त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथात आहे. १९४० च्या सुमारास तो दोन भागांत प्रसिद्ध झाला आणि पुढे साहित्य अकादमीमुळे इतर भारतीय भाषांतही गेला. चमत्कार आणि दंतकथा बाजूला सारून पाली ग्रंथांच्या आधारे बुद्ध हा माणूस म्हणून समोर ठेवणे, हे त्यांनी या ग्रंथात केले.

सिद्धार्थाने घर का सोडले, या प्रश्नाचा त्यांनी केलेला विचार आपल्या विषयाला अगदी लागून आहे. रूढ कथा अशी की, म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांना पाहून राजपुत्राला वैराग्य आले. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा रोगी पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटण्यासारखे नाही. धर्मानंदांनी सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताकडे लक्ष वेधले. तेथे एकमेकांविरुद्ध शस्त्रे उचलणाऱ्या लोकांना पाहून झालेला उद्वेग बुद्धांच्या तोंडी आलेला आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडणे होत. या पार्श्वभूमीवर धर्मानंदांनी गृहत्यागाचा अर्थ लावला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात चार दृश्यांची कथा नाकारली आणि रोहिणीच्या पाण्याचा तंटाच गृहत्यागाच्या मुळाशी ठेवला, हे आपण जाणतो. पाण्यासाठी माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. बुद्धाचा हेतू आकाशवाणीतून आला नाही. समोरच्या माणसांचे भांडण आणि त्यांचे दुःख यांतून तो घडला.

याच ग्रंथात धर्मानंदांनी बुद्धकाळातील इतर श्रमणनायकांच्या मतांचाही परिचय करून दिला आहे. त्यांतील मक्खलि गोसाल हा नियतिवादी होता. सुताचा गुंडा फेकला की तो जसा पूर्ण उलगडेपर्यंत घरंगळत जातो, तसा प्रत्येक जीव ठरलेले फेरे पूर्ण करणार. माणसाच्या प्रयत्नाने त्यात काही बदलत नाही, असे त्याचे मत. बुद्धांनी हे मत ठामपणे नाकारले. प्रयत्न, वीर्य, जागरूकता यांना त्यांच्या धम्मात अर्थ आहे तो यामुळेच. निर्माता ईश्वर नाही, म्हणून नेमून दिलेला हेतू नाही. आणि नियती नाही, म्हणून असहायता नाही. उरतो तो माणूस आणि त्याचे कर्म. आयुष्याला हेतू देण्याची जबाबदारी बुद्धाने अशा रीतीने माणसाच्या खांद्यावर ठेवली. धर्मानंदांनी हे तत्त्व पुस्तकात मांडले, त्याच्या आधी तसे जगूनही पाहिले होते.

किंमत कोणी मोजली?

आता अवघड भागाकडे वळतो. धर्मानंद घरातून निघाले तेव्हा बाळाबाईंना विचारून निघाले नव्हते. वर्षामागून वर्षे गेली. नवरा कोठे आहे, परत येणार की नाही, हे ठाऊक नसताना त्या स्त्रीने मुलीला वाढविले, लोकांचे बोलणे सोसले. सुमारे सात वर्षांनी पती परत आले. १९०७ मध्ये दामोदर या मुलाचा जन्म झाला. पण त्यानंतरही अमेरिकेच्या, गुजरातच्या, काशीच्या फेऱ्या चालूच राहिल्या. १९१८ मध्ये धर्मानंदांनी माणिक आणि दामोदर या दोन्ही मुलांना शिक्षणासाठी अमेरिकेला नेले. मुलीलाही नेले, हे त्यांच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. हा दामोदर म्हणजेच पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगभर ख्याती पावलेले दा. ध. कोसंबी. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी त्यांचा ऋणी आहे. तरी प्रश्न राहतोच. आपल्या आयुष्याचा हेतू काय असावा, हे बाळाबाईंना कोणी कधी विचारले होते काय? एकाच्या हेतूची किंमत दुसऱ्याच्या आयुष्यातून वसूल होत असेल, तर त्याची नोंद चरित्रात झाली पाहिजे. आपल्या घरांतही रमाईच्या कष्टांचे स्मरण केल्याशिवाय बाबासाहेबांचे चरित्र पूर्ण होत नाही, ते याच कारणाने.

त्यांचा शेवटही मनाला चटका लावणारा आहे. मधुमेह आणि इतर व्याधींनी ते जर्जर झाले होते. आता आपल्या हातून काम होणार नाही, आपण केवळ इतरांवर भार आहोत, या भावनेने त्यांनी अन्नत्यागाचा विचार केला. गांधीजींच्या आग्रहामुळे एकदा तो थांबला. अखेर सेवाग्राम येथे ४ जून १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या धैर्यापुढे आपण नतमस्तक होऊ, पण हा निर्णय मला पटत नाही, हे स्पष्ट सांगतो. काम करण्याची शक्ती संपली म्हणजे माणसाचे मोल संपत नाही. थकलेला, आजारी माणूस भार नसतो. त्याचे असणे हेच इतरांना हवे असते. मध्यम मार्ग सांगणाऱ्या तथागतांचा धम्म मला तरी हेच शिकवितो.

आणखी एक मर्यादा सांगायला हवी. धर्मानंदांनी बुद्धाला ग्रंथांतून आणि विद्यापीठांतून मराठी माणसापर्यंत आणले. तथापि ज्या जातिव्यवस्थेने कोट्यवधी माणसांना हेतू निवडण्याचा अधिकारच नाकारला होता, तिच्याशी थेट झुंज देणारी चळवळ उभारणे हे त्यांचे कार्य झाले नाही. ते कार्य बाबासाहेबांचे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की, जन्म आपल्या हाती नव्हता, पण हिंदू म्हणून मरणार नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी त्यांच्यासह धम्म स्वीकारला. धर्मानंद एकटे घरातून बाहेर पडले होते. नागपुरात घरेच्या घरे, वस्त्याच्या वस्त्या एकत्र बाहेर पडल्या. नवऱ्याबरोबर बायको होती, सासूबरोबर सून होती, कडेवर लेकरे होती. संपूर्ण समाजाने आपल्या जगण्याचा हेतू बदलण्याचे असे उदाहरण जगाच्या इतिहासात विरळा.

आपल्यासाठी

१९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले. आपला हा मुलूख तेव्हा नुकताच निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला होता आणि उच्च शिक्षणाच्या नावाने येथे जवळजवळ अंधारच होता. त्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव देण्यात आले. मिलिंद हा भिक्खू नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून बाबासाहेबांनी प्रश्न विचारणाऱ्याचे नाव ठेवले, यात फार मोठा अर्थ आहे. हेतूची सुरुवात प्रश्नातून होते. मराठवाड्यातील कितीतरी शिक्षक, अधिकारी, लेखक त्या मिलिंदच्या आवारातून घडले आणि त्यांच्यातूनच गावोगावी शाळा आणि वसतिगृहे काढणारी माणसे निघाली.

म्हणून ज्या विद्यार्थ्यांनी मला तो प्रश्न विचारला, त्यांना माझे उत्तर असे आहे. होय, माणूस आपल्या जीवनाचा हेतू स्वतः घडवू शकतो. तो वारशाने मिळत नाही आणि एका रात्रीत सापडतही नाही. धर्मानंदांना लेख वाचल्यापासून पाली शिकायला बसेपर्यंत पाच वर्षे लागली. नेपाळात निराशा पदरी आली, हार्वर्डमध्ये मतभेद झाले, चीवर घेतले आणि उतरविले. या सगळ्यांतून त्यांचा हेतू घडत गेला. पण तो घडण्यासाठी काशीत कोणीतरी अन्न वाढले होते, कोलंबोत कोणीतरी शिकविले होते, बडोद्यातून कोणीतरी पन्नास रुपये पाठविले होते. एकट्याने ठरविलेल्या हेतूलाही अनेकांचे हात लागतात.

पालकांना विनंती अशी की, हंगामाला जाताना लेकराला मागे ठेवावे लागते याचे दुःख मोठे आहे, तरी ते ठेवण्याचा निर्णय बदलू नका. पदवी मिळविणे आणि नोकरी मिळविणे आवश्यक आहेच, पण तेवढ्यावर थांबणारा मुलगा घडवू नका. माजी विद्यार्थ्यांना सांगणे असे की, आपण ज्या पंगतीत बसून जेवलो, ती पंगत आज कोणासाठी तरी वाढायची आहे. एका मुलाचे वर्षभराचे पुस्तक-वह्यांचे ओझे उचलणे, सुट्टीत येऊन चार तास शिकविणे, ग्रंथालयात एक कपाट भरून देणे, यांतले जे जमेल ते करावे. बुद्धांनी आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी आणि सुखासाठी निरनिराळ्या दिशांना धाडले होते. आपण निवडलेला हेतू योग्य आहे की नाही, हे ओळखण्याची याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही. त्या हेतूने आपल्यापलीकडील किती माणसांचे दुःख हलके झाले, एवढेच पाहावे.

‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ सुट्टीत प्रत्येकाने एकदा तरी वाचावा. कोणास ठाऊक, आपल्या आष्टीच्या एखाद्या लेकराच्या हाती तो योग्य वयात पडेल आणि त्याच्या मनातही ती ठिणगी पडेल.

नमो बुद्धाय! जय भीम!